भाचा सही करत नाही, सोमवारी कॅम्पला पाठवू का?

पत्र: "भाचा १९ वर्षांचा, फुटबॉल खेळतो, लेफ्ट बॅक म्हणजे डावीकडचा बचावपटू. कोल्हापुरात तालमीकडून खेळायचा, गेली दोन वर्षं बाहेरगावच्या एका क्लबच्या ज्युनियर संघात आहे. आता क्लबनं सीनियर संघाचा करार पुढं केलाय. तीन वर्षं, महिना २५,०००, मग २८,०००, मग ३१,०००. पगार वर्षातले दहा महिनेच. राहणं-जेवण क्लबचं. तीन वर्षांनंतर क्लबला वाटलं तर अजून दोन वर्षं वाढवणार, ३४ आणि ३७ हजारांवर. अशात एका एजंटाचा फोन आला. दुसरा क्लब महिना ४०,००० देतोय, सात महिन्यांचा करार, राहणं आपलं आपण. म्हणाला, सही करू नका, कॅम्पला जाऊ नका, तुमचा क्लब आपोआप वर येतो बघा. पोरगं अमेरिकेतल्या फुटबॉलचे रील बघतं. म्हणतं, मामा, तिथली नवी पोरं अशीच अडून बसतात आणि मिळवतात. बहीण म्हणते, ताट वाढून आलंय, सही करून मोकळा हो. त्याला वडील नाहीत, निर्णय माझ्यावर आलाय. सोमवारी कॅम्प सुरू. पाठवू का नको?" (एक मामा, शिवाजी पेठ, कोल्हापूर)

मामा, नमस्कार.

अडायला हरकत नाही. फक्त पोरगं चुकीच्या जागी अडलंय. २५ चे ४० करण्यात जो जोर चाललाय तो "क्लबला वाटलं तर अजून दोन वर्षं" या एका ओळीवर लावा. कमी पगार पुढच्या करारात भरून काढता येतो. पाच वर्षांची दोरी एकदा गळ्यात पडली की २४ वर्षांचा होईपर्यंत सुटत नाही, आणि तोवर तो सीनियर संघात रोज खेळत असला तरी पगार ३७ हजारच.

त्याआधी एक गोष्ट आजच तपासा. भाच्यानं आजवर कुठल्या कागदावर सही केली आहे? दोन वर्षांपूर्वी क्लबात जाताना तो १७ चा होता, तेव्हा अकादमीचा म्हणून काही फॉर्म तुमच्या बहिणीच्या सहीनं भरला असेल. तो शोधा आणि पूर्ण वाचा. शिवाय एआयएफएफच्या (अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या) नोंदणी प्रणालीत, म्हणजे सीआरएसमध्ये, त्याची नोंद हौशी खेळाडू अशी आहे की व्यावसायिक, हे क्लबकडून लेखी विचारून घ्या. हौशी असेल आणि कुठलाही पगारी करार नसेल, तर तुम्ही मोकळे आहात आणि पुढचं सगळं तुम्हाला लागू. १८ पूर्ण न झालेल्या मुलाची एकट्याची सही असलेला करार भारतीय करार कायद्यात टिकत नाही, आणि १८ खालच्या खेळाडूला तीन वर्षांपेक्षा जास्त बांधलेलं फिफा मानत नाही. पण पालकाची सही असेल तर अंदाज बांधत बसू नका, वकिलाला दाखवा.

व्यावसायिक करार आधीच चालू असेल, तर मात्र कॅम्पला न जाणं याला अडून बसणं म्हणत नाहीत, करारभंग म्हणतात. समोरच्याला छळून अटी बदलायला लावणं हे फिफाच्या नियमांत दुसऱ्या बाजूला करार मोडायला पुरेसं कारण ठरतं, मग छळणारा क्लब असो की खेळाडू. भारताचा बचावपटू अन्वर अली याचं प्रकरण बघा. करार अर्ध्यावर टाकून क्लब बदलल्याबद्दल सप्टेंबर २०२४ मध्ये एआयएफएफच्या प्लेअर स्टेटस कमिटीनं (खेळाडूंच्या करारांचे वाद बघणाऱ्या समितीनं) त्याला चार महिन्यांची बंदी सुनावली, आणि त्याच्यावर व दोन क्लबांवर मिळून १२.९० कोटी रुपयांची भरपाई लावली. पुढे प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि त्याला खेळता आलं. त्याच्यामागे वकिलांची फौज होती, तुमच्या भाच्यामागे तुम्ही आहात.

आता अमेरिकेचं. तो खेळ वेगळा, चेंडू लांबुळका, पण अडून बसण्याची रीत खरंच तिथली आहे. फक्त रीलमध्ये अर्धीच गोष्ट येते. एनएफएल या तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये संघ आळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. ज्या संघानं निवडलं त्याच संघाशी बोलायचं, दुसरीकडे जाता येत नाही. पण संघालाही त्या निवडीच्या बदल्यात दुसरा खेळाडू मिळत नाही. दोघंही एकाच खुंट्याला बांधलेले, म्हणून अडण्याला वजन येतं. २०१० मध्ये पहिल्या क्रमांकाच्या सॅम ब्रॅडफर्डला ७ कोटी ८० लाख डॉलरचा करार मिळाला, त्यातले ५ कोटी हमीचे. पुढच्याच वर्षी नवी वेतनरचना आली आणि पहिल्या क्रमांकाच्या कॅम न्यूटनला चार वर्षांचे मिळून सुमारे २ कोटी २० लाख मिळाले. तेव्हापासून आकडा निवडीच्या क्रमांकावरूनच जवळपास ठरतो, आणि तिथली पोरं आकड्यासाठी सहसा अडत नाहीत. २०१६ मध्ये जोई बोसा २९ ऑगस्टपर्यंत अडला, तो बोनसचे पैसे कधी हातात येणार आणि संघानं काढून टाकल्यावर दुसरीकडे मिळालेला पगार वजा होणार का, या दोन मुद्द्यांवर. २०२५ मध्ये सिनसिनाटीच्या संघानं १७ व्या क्रमांकावर घेतलेला शेमार स्ट्युअर्ट अडला, तो हमीचे पैसे कधी रद्द होऊ शकतात या कलमावर. भाच्याला हे सांगा. त्याचे हिरो कलमासाठी भांडले. आणि हेही सांगा की बोसा उशिरा आला, लगेच मांडीचा मागचा स्नायू दुखावला आणि पहिले चार सामने बाहेर बसला.

आपल्याकडे तो खुंटा नाही. तुमचा क्लब उद्या मिझोराममधून, गोव्यातून, कुठूनही दुसरा लेफ्ट बॅक आणू शकतो. तुमच्या हातात दोनच पत्ते आहेत. क्लबनं दोन वर्षं या पोरावर घातलीत आणि प्रशिक्षकाला तो ठाऊक आहे, हा पहिला. डाव्या पायाचा लेफ्ट बॅक सहज मिळत नाही, हा दुसरा (तो खरंच डाव्या पायाचा असेल तर, उजव्या पायाचा असून डावीकडे लावलेला असेल तर हा पत्ता अर्धाच). दोन्ही पत्ते अट बदलून घ्यायला पुरतात, क्लबला गुडघ्यावर आणायला नाही.

४० हजारांचा हिशेब कागदावर मांडू. ४०,००० गुणिले सात म्हणजे २,८०,०००. राहणं-जेवण स्वतःचं, कोपऱ्यातली खोली आणि मेस धरून महिना १२,००० लावले तर ८४,००० गेले, उरले १,९६,०००. इकडे २५,००० गुणिले दहा म्हणजे २,५०,०००, आणि राहण्या-जेवणाचा खर्च शून्य. मोठा वाटणारा पगार ५४,००० नी छोटा निघाला. त्यात ४० हजारांची बातमी फोनवरची आहे. त्या क्लबच्या लेटरहेडवर, अधिकाऱ्याच्या सहीचा प्रस्ताव येत नाही तोवर तो आकडा मोजायचाच नाही. शिवाय पहिला व्यावसायिक करार दुसऱ्या क्लबशी केला तर ज्यांनी पोराला घडवलं ते क्लब प्रशिक्षण-भरपाई मागू शकतात. ती द्यायची वेळ आली की फोनवरचे ४० बऱ्याचदा ३० होतात.

एजंटाबद्दल थोडक्यात. फिफाचा परवाना असलेल्या एजंटांची यादी फिफाच्या संकेतस्थळावर नावानं शोधता येते. नाव नसेल तर त्याच्याशी चहापलीकडे संबंध नको. नाव असेल तर विचारा, तुमची फी कोण देणार? त्या दुसऱ्या क्लबकडून घेणार असेल तर तो तुमच्या बाजूनं बोलत नाहीये. त्याच्याशी करार केलाच तर मुदत दोन वर्षांपेक्षा जास्त असू शकत नाही, आणि कोऱ्या कागदावर सही तर कधीच नाही.

आता अडायचं कशावर.

मुदत. "तीन अधिक दोन" मधले दोन काढायला सांगा. एकट्या क्लबच्या मर्जीनं वाढणारी मुदत वादात गेली तर टिकेलच असं नाही, पण १९ वर्षांच्या पोरानं वादात जायचं तरी कशाला? क्लब ऐकत नसेल तर तडजोड अशी: वाढ एकाच वर्षाची, ती हवी असल्याचं क्लबनं तिसऱ्या वर्षाच्या ३० नोव्हेंबरपर्यंत लेखी कळवायचं, आणि त्या वर्षाचा पगार तिसऱ्या वर्षाच्या किमान दुप्पट. तारीख उगाच नाही निवडलेली. करार ३१ मेला संपत असेल तर शेवटच्या सहा महिन्यांत, म्हणजे १ डिसेंबरपासून, खेळाडूला दुसऱ्या क्लबशी पुढचा करार करायची मोकळीक असते. क्लबला मे महिन्यात "वाढवतो" म्हणायची मुभा राहिली तर ते सहा महिने वाया जातात. वाढ होईल का नाही हे ठाऊक नसलेल्या खेळाडूला कोण घेणार?

याच्याच चुलतभावासारखं एक कलम असतं: करार संपल्यावर दुसऱ्याचा प्रस्ताव आला तर आधी आम्हाला दाखवायचा, आम्ही तेवढेच दिले तर आमच्याकडेच राहायचं. आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानच्या बाबतीत एका व्यवस्थापन कंपनीनं असाच हक्क सांगितला होता. मुदत संपल्यानंतरचं असं बंधन करार कायद्याच्या कलम २७ खाली टिकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये सांगितलं. करारात दिसलं तर हा निकाल नम्रपणे दाखवून खोडायला सांगा.

पैसे. महिन्याचा २५ हा आकडा बदलायला क्लब सहसा तयार होत नाही, कारण एकाला दिला की उद्या त्याच खोलीतली उरलेली तीन पोरं दारात उभी राहतात. म्हणून आकड्याला हात न लावता महिने वाढवून मागा. दहाऐवजी बारा महिने म्हणजे वर्षाला ५०,००० जास्त, आणि क्लबच्या तक्त्यात २५ चे २५ च दिसतात. दुसरी मागणी सामन्यांवरची. सीनियर संघाचे पाच अधिकृत सामने झाले की पुढच्या महिन्यापासून पगार ४०,०००, बारा झाले की ६०,०००. इथं "सामना" म्हणजे काय ते लिहून घ्या: सुरुवातीच्या अकरांत असणं, किंवा किमान ४५ मिनिटं मैदानात असणं. नुसतं "पाच सामने खेळल्यावर" लिहिलं तर चौथ्या सामन्यानंतर पोरगं बाकावर दिसायला लागतं, आणि ८९ व्या मिनिटाला उतरलेला सामना धरायचा का नाही यावर भांडण. दोन्ही बाजूंनी होतं हे.

पगाराची तारीख करारात हवी. "उशीर झाल्यास क्लबला आणखी ६० दिवस" असं काही असेल तर ते खोडा. देय रक्कम द्यायला जादा मुदत देणारी कलमं फिफा २०१८ पासून मानत नाही. आणि हे भाच्याच्या डायरीत लिहून ठेवा: दोन महिन्यांचा पगार थकला, की क्लबला लेखी नोटीस द्यायची, किमान १५ दिवसांची मुदत द्यायची, तरीही आला नाही तर करार मोडायचं कारण तयार होतं. नोटीस न देता बॅग भरून घरी आलेली पोरं हक्काचा दावा हातानं घालवतात. क्लब बहुधा १० टक्के टीडीएस कापेल. एवढ्या उत्पन्नावर कर बसत नाही, तेव्हा दरवर्षी रिटर्न भरलं की ते २५-३० हजार परत येतात. पॅनकार्ड आत्ताच काढा.

दुखापत. मला विचाराल तर मुदतीखालोखाल हेच कलम. बऱ्याच मसुद्यांत एक वाक्य असतं: खेळाडू ९० दिवसांपेक्षा जास्त अनुपलब्ध राहिल्यास क्लब करार संपवू शकेल. ९० दिवस म्हणजे काय ते बघा. गुडघ्याचं एसीएल, म्हणजे आतला मुख्य अस्थिबंध, फाटलं, शस्त्रक्रिया झाली, तर मैदानात परत यायला नऊ महिने धरून चालावं. म्हणजे पोरगं अजून धावायला शिकतंय तेव्हाच पगार बंद, फिजिओ बंद, खोली खाली करा. हे वाक्य काढून त्या जागी एवढं मागा: सरावात किंवा सामन्यात झालेल्या दुखापतीचा पूर्ण खर्च, पुनर्वसन संपेपर्यंत क्लबचा, त्या काळात पगार चालू, आणि शस्त्रक्रियेआधी स्वतःच्या पसंतीच्या डॉक्टरचं दुसरं मत घ्यायचा हक्क. वैद्यकीय तपासणीही सहीच्या आधी उरकायला सांगा. "तपासणीत पास झाल्यास करार लागू" ही अट फिफा मान्य करत नाही, पण लिहिणारे लिहितात.

लीगच झाली नाही तर? चार वर्षांपूर्वी हा प्रश्न कुणी विचारला नसता. जुलै २०२५ मध्ये व्यापारी हक्कांचा नवा करार झाला नाही म्हणून आयएसएलचा, म्हणजे देशातल्या मोठ्या फुटबॉल लीगचा, मोसम लटकला, आणि काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले. तेव्हा "अपरिहार्य परिस्थिती" या कलमात स्पर्धा लांबणं किंवा रद्द होणं घुसवलंय का ते बघा. असेल तर मागणी अशी: त्या काळात निम्मा पगार, आणि ६० दिवसांत स्पर्धा सुरू झाली नाही तर खेळाडू एकही पैसा न देता मोकळा.

"कामगिरी असमाधानकारक वाटल्यास ३० दिवसांच्या नोटिशीवर करार समाप्त" हे तर बघताक्षणी खोडा. खराब खेळ हे करार मोडायचं पुरेसं कारण मानलं जात नाही. बुटांचे पैसे, फोटोंचे हक्क, जर्सीचा नंबर यावर वेळ घालवू नका. बी.ए.च्या परीक्षेची रजा मात्र लिहून घ्या, फुकट मिळते.

हे सगळं मांडायचं कसं? एकाच माणसानं, एकाच ईमेलनं. तुम्ही बोला; भाच्यानं प्रशिक्षकाशी पैशाचा शब्द काढायचा नाही, बहिणीनं मॅनेजरला फोन करायचा नाही. तीन तोंडं झाली की क्लब सर्वांत मऊ तोंड निवडतो. ईमेल एका पानाचं, चार मागण्या: मुदत, दुखापत, बारा महिने, सामन्यांवरची वाढ. उत्तराला सात दिवस. दुसऱ्या क्लबच्या ४० चा उल्लेख नको. कागद मागितला तर काय दाखवणार? सोडायची वेळ आली तर आधी सामन्यांवरची वाढ सोडा, मग बारा महिने. मुदत आणि दुखापत सोडू नका. क्लब म्हणाला, ३५,००० देतो पण दोन वर्षांचा पर्याय राहू दे, तरी नको. क्लब म्हणाला, २५ च, दहाच महिने, पण सरळ तीन वर्षं आणि दुखापतीचं तुम्ही म्हणता तसं, तर त्याच दिवशी सही.

अडण्याला शेवट हवा. नोंदणीची खिडकी कधी बंद होते ती तारीख एआयएफएफ जाहीर करते. त्याच्या दहा दिवस आधीचा दिवस कॅलेंडरवर लाल करा. कागदपत्रं, तपासणी, सीआरएसमधली मंजुरी यात आठवडा सहज जातो, आणि आधार, जन्मदाखला व सीआरएस यांत जन्मतारीख वेगवेगळी निघाली तर त्याहून जास्त. दाखले आत्ताच शेजारी-शेजारी ठेवून ताडून बघा.

दरम्यान कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर किंवा गावोगावच्या स्पर्धांत "एकच मॅच" म्हणून खेळायला बोलावणं येईल. पाटाकडील-शिवाजी या तालमींची लढत असली तरी नाही म्हणायचं. करार नसताना मोडलेल्या पायाची किंमत कुणीच देत नाही. वैयक्तिक अपघात विमा काढायचा असेल तर व्यावसायिक खेळ वगळलेला आहे का ते आधी वाचा. पुष्कळ पॉलिसींत वगळलेला असतो.

आणि सोमवारचं. पाठवा. घरी बसून दर दिवशी फिटनेस उतरते, आणि प्रशिक्षकाच्या डोळ्यांसमोर नसलेल्या लेफ्ट बॅकसाठी तो वर जाऊन भांडणार नाही. मात्र रविवारपर्यंत क्लबकडून चार ओळींचं पत्र घ्या: "करारावर बोलणी चालू असताना खेळाडू सरावात भाग घेत आहे, या काळात झालेल्या दुखापतीचा उपचारखर्च क्लब करेल, आणि दुखापतीमुळे दिलेला प्रस्ताव मागे घेणार नाही." अमेरिकेत सही न झालेली पोरं सरावाला उतरण्याआधी असाच कागद करून घेतात, तेवढं रीलमध्ये दिसत नाही. पत्र मिळालं तर सगळं करू दे, सराव सामनेसुद्धा. नाही मिळालं, तरी पाठवाच. जिम, धावणं, चेंडूचा सराव करू दे, अंगावर अंग येणारा खेळ आणि मैत्रीपूर्ण सामने नकोत, आणि हे प्रशिक्षकाला पहिल्याच दिवशी, पोरानं स्वतः, तोंडावर सांगायचं.